बोक्याची लघवी अडली तर

बोका वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, काहीच होत नाही म्हणून बाहेर येतो आणि पाच मिनिटांत पुन्हा जातो. मधूनच ओरडतो, मागची बाजू सारखी चाटतो. घरातले म्हणतात, याचं पोट साफ होत नाहीये. मग अम्मी दूध पाजतात, दादी एरंडेल शोधतात. बहुतेक घरांत पहिला दिवस असाच जातो, आणि नेमका तोच दिवस मोलाचा असतो.

बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीच्या मानाने फार अरुंद असतो. लघवीतले बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं बूच तिथे बसलं की लघवी थांबते. मूत्राशय फुगतं, मूत्रपिंडांवर दाब येतो आणि जे बाहेर पडायला हवं ते रक्तात साठतं. त्यात पोटॅशियम सर्वांत घातक, कारण ते वाढलं की हृदयाची लय बिघडते. पूर्ण अडलेला बोका उपचाराविना दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. नसबंदी झालेली असो वा नसो, धोका दोघांनाही आहे.

म्हणून आधी ट्रे पाहा. वाळू कोरडी आहे का? थेंब-दोन थेंब, कधी रक्ताचा डाग? उलटी, खाणं बंद, कोपऱ्यात पडून राहणं ही पुढची लक्षणं. पोटाच्या मागच्या भागात टणक गोळा लागू शकतो, पण तो चाचपत बसू नका. दाबल्याने मूत्राशय फुटू शकतं. सरळ रिक्षा बोलवा.

आणि एक सांगते, वेदना दिसते म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिचं यकृत हे औषध नीट निकामी करू शकत नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शेळ्या-म्हशींचाच राबता असतो. मांजराची बारीक नळी तिथे असेलच असं नाही. त्यामुळे बोका ठणठणीत असतानाच फोन करून विचारून ठेवा, "बोक्याला कॅथेटर घालता का? रात्री कोण असतं?" मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच.

डॉक्टर भूल देऊन नळी घालतात, सलाईन लावतात, रक्त तपासतात. बहुधा काही दिवस ठेवून घेतात. खर्च हजारांत जातो. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी यावरूनच वाद झाला. मांजरासाठी एवढे पैसे, असं चाचा म्हणाले. अब्बांनी मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, साहेब, आज एवढेच आहेत, काय होईल? डॉक्टरांनी हप्ते बांधून दिले. विचारण्यात लाज कसली? पैसे खरंच नसतील तर तेही सांगावं. वेदना न होता त्याला जाऊ देण्याचा मार्गही डॉक्टरांकडे असतो. "सकाळपर्यंत पाहू" म्हणून घरी तडफडत ठेवणं मला सर्वांत निर्दय वाटतं.

नळी काढून घरी आलेला बोका पुन्हा अडू शकतो, पहिले काही दिवस तर विशेषच. पाण्याच्या दोन-तीन वाट्या वेगवेगळ्या जागी ठेवा, कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं वाढवा, खास आहार डॉक्टर सांगतील तोच द्या. त्या मुलाकडे ट्रे पाहण्याचं काम त्याच्यावरच आहे. शाळेत येण्याआधी किती गोळे झाले ते तो कॅलेंडरवर लिहितो.