आधी रस्ते, मग इमारती: साखरेतून रक्तवाहिन्या

तुमच्यापैकी काही जण आत्ता वाकडच्या पुलापाशी नाहीतर फेज थ्रीच्या रस्त्यावर अडकून हे ऐकत असणार. अडकलाच आहात, तर आजचा विषय लगेच कळेल. हिंजवडीत कंपन्या आधी आल्या, रस्ते मागे राहिले. प्रयोगशाळेत अवयव बनवणाऱ्यांचं घोडं नेमकं इथेच अडलंय.

पेशी वाढवता येतात हो. पण पेशीला ऑक्सिजन लागतो, आणि तो नुसता झिरपत गेला तर जेमतेम 0.2 मिलिमीटर आत पोचतो. म्हणून त्वचेचा पातळ थर जमतो, पण यकृताचा जाड तुकडा केला की मधल्या पेशी गुदमरतात.

मग प्रिंटरने नळ्याच छापू? मऊ जेलची पोकळ नळी छापायला गेलं की ती बसते. 2012 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्डन मिलर, ख्रिस्तोफर चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटं डोकं चालवलं. नळी नको, तिच्या आतली पोकळी छापू. कशाने? चक्क साखरेने! साखर, ग्लुकोज आणि डेक्स्ट्रान यांचा कडक पाक करून प्रिंटरने त्याच्या तारांची जाळी उभी केली. तारांवर पॉलिमरचा पातळ लेप दिला, नाहीतर विरघळणारी साखर थेट पेशींत घुसली असती. वरून पेशी मिसळलेलं जेल ओतलं. ते घट्ट झाल्यावर साखर विरघळवून काढली. पितळी मूर्ती ओतताना मेण वितळून जातं ना, तसंच. फक्त इथे मेणाची जागा भरायची नाही, रिकामीच ठेवायची. त्या बोगद्यांना आतून रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी लावल्या आणि त्यांतून रक्त वाहवून दाखवलं. उंदरांच्या यकृतपेशी अशा जेलमध्ये जास्त चांगल्या टिकल्या.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. अस्तराच्या पेशींनी बोगद्यांतून स्वतःच बारीक फाटे फोडले. केशवाहिनी 5 ते 10 मायक्रोमीटरची, तेवढं बारीक काम त्या प्रिंटरच्या आवाक्यातलं नव्हतंच. हमरस्ते प्रिंटरने काढायचे, गल्लीबोळ पेशींनी.

पुढे 2016 मध्ये हार्वर्डच्या जेनिफर लुईस यांच्या गटाने, साखरेऐवजी थंड केल्यावर पातळ होणारी शाई वापरून, सेंटिमीटरभर जाड ऊतक सहा आठवडे जिवंत ठेवलं.

आता, कुणाच्या घरी डायलिसिस चालू असेल तर स्पष्टच सांगतो: छापलेली किडनी आज कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. ‘हृदय छापलं’ अशी बातमी 2019 मध्ये तेल अवीवहून आली होती. ते सशाच्या हृदयाएवढं होतं, त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण ते रक्त पंप करत नव्हतं. असे छापील तुकडे सध्या मुख्यतः संशोधनात आणि औषधं तपासायला वापरतात.