माळा राहता करायचाय? आधी तो रिकामा करा

कौलारू घराचा माळा म्हणजे 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या वस्तूंचं माहेरघर. भाताची पोती, भुईमुगाच्या शेंगा, मोडका पाळणा, लग्नातले हंडे, फवारणीचा पंप आणि एका कोपऱ्यात औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या. कोल्हापूर-साताऱ्याच्या पश्चिम भागात आणि घाटाखाली कोकणात असा माळा नसलेलं जुनं घर क्वचितच सापडेल.

आता घरातली माणसं वाढली. कॉलेजला जाणाऱ्या पोराला झोपायला, अभ्यासाला वेगळी जागा हवी असते. थोरल्यांना भजनाच्या, नाट्यगीतांच्या जुन्या कॅसेटी निवांत ऐकायच्या असतात, पण खाली टीव्ही चालू असतो. नवी खोली बांधायची तर वाळू, सळी, गवंडी यांचा खर्च झेपत नाही. मग नजर वर जाते. भिंती आहेत, छप्पर आहे, जमीन आहे. घरच्या घरी चार फळ्या ठोकल्या की झोपायची खोलीही होते आणि गाणी ऐकायची बैठकही.

विचार चांगला आहे. पण पुष्कळ ठिकाणी कामाचा क्रम उलटा असतो. आधी रंग, मग स्पीकर, मग गादी. आणि धान्य-औषधाचा प्रश्न आला की 'ते राहू दे कोपऱ्यात, पडदा लावू' म्हणून मोकळे होतात. शेतकरी बंधूंनो, सारा धोका त्या पडद्यामागे आहे.

विष आणि अंथरूण एका छपराखाली नको

धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. हवेतल्या दमटपणाने ही गोळी फुलते आणि तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू सुटतो. तो हवेपेक्षा किंचित जड असतो, त्यामुळे फळ्यांच्या फटींतून खालच्या खोलीतही उतरतो. वास लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा येतो, पण झोपलेल्या माणसाला वास येऊन जाग येईल या भरवशावर राहू नये. या विषावर उतारा नाही. धान्यात गोळ्या ठेवलेल्या खोलीत झोपल्याने माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत.

म्हणून नियम एकच. जिथे माणूस झोपतो तिथे, त्याच्या वर, खाली किंवा शेजारच्या खोलीत धुरीच्या गोळ्या नकोत. ही वस्तू कुणीही आणून पोत्यात टाकावी अशी नाही. धुरी देण्याचं काम परवानाधारक, प्रशिक्षित माणसाचं आहे आणि तेही राहत्या घराबाहेरच्या गोदामात. अशा ठिकाणी कुणाला मळमळ, चक्कर, छातीत आवळल्यासारखं वाटलं तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखाना गाठा. घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

धान्य मग ठेवायचं कुठे? खाली, एखाद्या कोरड्या खोलीत, पत्र्याच्या कोठीत. धान्य कडक उन्हात वाळवून दाताखाली कटकन फुटेल असं झालं, म्हणजे ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला, की किडीचा जोर आपोआप कमी होतो. हल्ली हवाबंद थराच्या पिशव्याही मिळतात. पोती ठेवायचीच असतील तर भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून अर्धा फूट उंच फळीवर ठेवा.

दुसरी गोष्ट जुन्या औषधांची. माळ्यावर कधीकधी बीएचसी पावडरची पुडी निघते, एंडोसल्फानचा डबा निघतो. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झालं. 'अजून चांगलं आहे' म्हणून ते वापरू नका, ओढ्यात-विहिरीत ओतू नका, चुलीत जाळू नका. कुलूपबंद जागी वेगळं ठेवा आणि पुढे काय करायचं ते कृषी विभागाच्या माणसाला विचारा. पावडर सांडलेल्या फळ्या कोरड्या झाडूने झाडल्या तर धूळ नाकात जाते. तोंडाला फडकं, हातात मोजे घालून ओल्या कापडाने पुसून घ्या. औषध मुरलेली फळी काढून टाका. तिचं सरपण करू नका.

लाकूड काय म्हणतंय ते बघा

माळा रिकामा झाला की त्याचं खरं रूप दिसतं. माळ्याचा सगळा भार तुळयांवर असतो आणि तुळई सडते ती बहुतेक भिंतीत शिरते त्या टोकाला, कारण ओल तिथे धरते. पेचकस घेऊन तिथे टोचून पाहा. पाव इंचाच्या वर सहज आत गेला तर लाकूड आतून गेलं आहे. हातोडीने ठोका, निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, वाळवीने खाल्लेलं बद्द वाजतं. मध्यभागी उभं राहून टाच आपटली आणि खालच्या फडताळातली भांडी वाजली, तर खालून टेकू किंवा जादा तुळई हवी.

राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला २०० किलो भार पेलेल अशी धरावी, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो. ज्या माळ्याने वर्षानुवर्षं २० क्विंटल भात पेललं, तो दोन खाटा, एक कपाट आणि चार माणसं पेलेल असं वाटणं साहजिक आहे. पण पोती गप्प पडून असतात, माणसं चालतात, पोरं उड्या मारतात. शंका आली तर गावच्या जाणत्या सुताराला दाखवा. त्याच्या मजुरीत काटकसर नको.

उंची आणि जिना

कागदावर एक हिशेब करा. घराची रुंदी १६ फूट आणि छपराचा उतार ३० अंश असेल, तर आढं भिंतीच्या माथ्यापासून साधारण साडेचार फूट वर असतं. माळ्याच्या जमिनीपासून बाजूची भिंत ३ फूट असेल, तर आढ्याखाली साडेसात फूट मिळतात. पण ६ फूट उंचीचा माणूस ताठ उभा राहील अशी पट्टी जेमतेम साडेपाच फुटांची. भिंत ४ फूट असेल तर हीच पट्टी ९ फुटांची होते. उभं राहायचं काम मध्ये, झोपायचं आणि बसायचं काम पाख्याखाली, अशी मांडणी केली की जागा पुरते. भिंतीकडेच्या बुटक्या जागेत कपड्यांच्या पेट्या ठेवा.

शिडी पोत्यांसाठी ठीक आहे, पण रात्री झोपेत उतरणाऱ्या माणसासाठी नाही. ९ फूट चढायचं असेल तर पावणेआठ इंचांच्या १४ चढ्या लागतात आणि पायरी ९ इंचांची धरली तर खाली सुमारे १० फूट लांबीची जागा. एका बाजूला ३ फूट उंचीचा कठडा हवाच. शिवाय एक खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी मोठी ठेवा. जिन्याकडे आग लागली तर दुसरी वाट तीच.

चुलीच्या वरची बाजू झोपायला निवडू नका. धूर वर चढतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही.

उन्हाळ्यात भट्टी होऊ नये म्हणून

मंगलोरी कौल तापतं, पण फटींतून हवा खेळते. पत्र्याखाली मात्र दुपारी बसवत नाही. उपाय एकच, दोन छपरांचा. कौलाखाली वाशांना बांबूचे तट्टे किंवा प्लायवूड ठोका आणि मध्ये चार बोटं पोकळी सोडा. वळचणीकडून हवा आत येईल आणि आढ्याजवळून बाहेर जाईल, अशी वाट ठेवा. दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि त्यांच्यामागे साप येईल. या पोकळीत पेंढा किंवा थर्माकोल भरू नका. पेंढ्यात उंदीर घर करतात आणि दोन्ही चटकन पेटतात. पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिला तरी उष्णता कमी होते. उजेडासाठी दोन-तीन काचेची कौलं पुरतात.

छप्पर जुन्या सिमेंट पत्र्याचं असेल तर सांभाळा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. तो पत्रा कापू नका, भोकं पाडू नका, घासू नका. त्याची धूळ फुफ्फुसात गेली की पुढे कर्करोगापर्यंत जाते.

वीज

जुनी लोंबकळती वायर ओढून वर बल्ब लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून ती पीव्हीसी नळीतूनच न्या. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या, जादा भाराच्या सॉकेटला त्याहून जाड. अर्थिंग नीट हवं आणि ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच हवा. धक्का बसताच तो वीज तोडतो. छप्पर उतरतं असल्याने पंखा डोक्याला लागणार नाही, असा भिंतीवरचा घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्या.

वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की टेप, ॲम्प्लिफायर, चार्जर सारं सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर असेल तर विजेचा इशारा आधी मिळतो.

गाणी ऐकण्याची बैठक

आता मजेचा भाग. गाणं ऐकायला माळा खरोखर चांगला. समोरासमोरच्या सरळ भिंतींत आवाज आपटून घुमतो. उतरत्या पाख्यांखाली तो घुमारा कमी होतो. उरलासुरला गोधडी शोषून घेते. मागच्या भिंतीवर एखादी जाड वाकळ टांगा, खाली सतरंजी अंथरा. दोन स्पीकर एकमेकांपासून ५-६ फुटांवर आणि तेवढ्याच अंतरावर आपली बैठक, असा तिकोन जमवा. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवेत. अगदी कोपऱ्यात सारले तर ढोलकी नुसती धडधडते, गाण्याचे शब्द कळत नाहीत. स्पीकरखाली जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे ठेवा, म्हणजे फळ्यांतून थरथर खाली झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत जात नाही.

मोठा खर्च नको असेल तर आपला जुना उपाय आहेच. मातीच्या रिकाम्या माठात मोबाईल ठेवला की आवाज भरून येतो. कॅसेटी आणि तबकड्या असतील तर उभ्या ठेवा. तबकड्या उन्हाने वाकतात, कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरते. दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात, स्पीकरपासून लांब ठेवा.

ऐकायची जागा म्हणजे नुसती करमणूक नव्हे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली होती. माणसं एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. संध्याकाळी शेतीवरचा कार्यक्रम आणि त्यानंतर अभंग, असा घरातल्या चौघांचा बेत माळ्यावर जमला तर वाईट काय? आवाज मात्र घरापुरता ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत शेजारपाजाऱ्यांची झोप मोडू नये, यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत.

काम कधी काढावं?

पावसाआधी कौलं परतायची असतातच. तेव्हा वासे, रीपा उघड्या पडतात, सुतारही घरी आलेला असतो. तोच मुहूर्त साधा. भिंत उंच करणार, छप्पर उचलणार किंवा बाहेरून जिना काढणार असाल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. घराच्या नोंदीचा आणि परवानगीचा प्रश्न नंतर निघण्यापेक्षा आधी मिटलेला बरा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनाही विनंती आहे, ग्रामसभेत एकदा एवढं जरूर विचारा: 'कुणाच्या राहत्या घरात धुरीच्या गोळ्या आहेत?' हात वर होतील त्या घरांतली पोती झोपायच्या खोल्यांपासून हलवायला गावाने मदत करावी.

फळ्या, रंग, स्पीकर यांचा खर्च थोडाथोडा करून दोन वर्षांत भागवता येईल. माळ्यावरची औषधं आणि गोळ्या मात्र पहिली खाट वर चढण्याआधीच खाली आल्या पाहिजेत.