अण्वस्त्रांची मोजदाद थांबते तेव्हा

५ फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिका व रशिया यांच्यातील ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत संपली. त्यामुळे कोठे तोफ डागली गेली नाही की कोणत्या सीमेवर सैन्याची हालचाल झाली नाही. दोन्ही राजधान्यांतील व्यवहार नेहमीसारखेच चालू राहिले. परंतु १९७२ पासून या ना त्या स्वरूपात दोन महासत्तांच्या अण्वस्त्रांना बांधून ठेवणारी करारांची जी साखळी होती, तिची ही अखेरची कडी होती. ती निखळल्यामुळे जगातील सर्वांत मोठ्या दोन अण्वस्त्रसाठ्यांवर कोणतीही करारबद्ध संख्यामर्यादा उरली नाही. स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या शांतता-संशोधन संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार जगातील एकूण अण्वस्त्रे १२,२४१ आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के या दोनच देशांच्या हाती आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या मूक घटनेचे गांभीर्य उमगते.

करार संपला म्हणून या दोन देशांची अण्वस्त्रे कितीने वाढतील, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. तो रास्त असला तरी दुय्यम आहे. अण्वस्त्रे एका रात्रीत वाढत नाहीत. कारखाने, पाणबुड्या व क्षेपणास्त्रे यांना वर्षे लागतात, पैसा लागतो. जे तत्काळ गमावले जाते ते वेगळेच आहे. प्रतिपक्षाजवळ नेमके काय आहे हे त्याच्या घरात जाऊन पाहण्याचा हक्क या कराराने दिला होता. तो हक्क गेला, हीच खरी हानी होय.

शत्रूच्या घरातील तपासनीस

प्राग येथे ८ एप्रिल २०१० रोजी ओबामा व मेदवेदेव यांनी सही केलेला आणि ५ फेब्रुवारी २०११ पासून अमलात आलेला हा करार प्रत्येक देशाला जास्तीत जास्त १,५५० सज्ज अण्वस्त्रे ठेवण्याची मुभा देत होता. ती वाहून नेणारी सज्ज क्षेपणास्त्रे व बाँबफेकी विमाने मिळून ७०० ची मर्यादा होती. सज्ज व राखीव प्रक्षेपक आणि विमाने यांची एकूण मर्यादा ८०० होती. परंतु या आकड्यांना अर्थ प्राप्त झाला तो पडताळणीच्या कलमांमुळे. प्रत्येक देशाला वर्षाकाठी १८ तपासण्या करता येत. तपासनीसांचे पथक प्रतिपक्षाच्या देशात उतरल्यानंतरच कोणता तळ पाहावयाचा हे जाहीर करी. तळावर पोहोचल्यावर ते एखाद्या क्षेपणास्त्रावर बोट ठेवी. यजमान सैनिक त्याच्या अग्रभागावरील कवच काढीत, आतील अण्वस्त्रांची रचना गुप्त राहावी म्हणून ती झाकीत आणि पाहुण्यांना ती मोजू देत. प्रत्येक क्षेपणास्त्राला व विमानाला स्वतंत्र क्रमांक होता. दर सहा महिन्यांनी आकडेवारीची देवघेव होई आणि एखादे क्षेपणास्त्र एका तळावरून दुसरीकडे हलविले तरी त्याची सूचना प्रतिपक्षाला जाई. अशा रीतीने ३२८ तपासण्या झाल्या आणि २५,००० हून अधिक सूचनांची देवघेव झाली. परस्परांवर हजारो अण्वस्त्रे रोखून बसलेल्या दोन वैऱ्यांनी एकमेकांच्या कोठारांची दारे उघडून दाखवावीत, ही युद्धशास्त्राच्या इतिहासातील विलक्षण घटना होती.

ही व्यवस्था सहजासहजी साकारलेली नव्हती. १९७२ मध्ये निक्सन व ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत केलेल्या करारांत पडताळणीची सारी भिस्त उपग्रहांवर आणि दूरस्थ यंत्रांवर होती. परक्या तपासनीसाला आपल्या भूमीवर पाय ठेवू देणे सोव्हिएत राज्यकर्त्यांना हेरगिरीला आमंत्रण वाटत होते. ८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन व गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीच्या ‘आयएनएफ’ करारावर सह्या केल्या तेव्हा ही कोंडी फुटली. ‘विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा’ ही रशियन म्हण रेगन यांनी त्या समारंभात गोर्बाचेव्ह यांनाच ऐकविली होती. त्यानंतर दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. व्होटकिन्स्क येथील सोव्हिएत कारखान्याच्या दारात अमेरिकी तपासनीस आणि युटा राज्यातील मॅग्ना येथील अमेरिकी कारखान्याच्या दारात सोव्हिएत, पुढे रशियन, तपासनीस तब्बल तेरा वर्षे ठाण मांडून होते. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. तो साठा आजच्या आकड्यापर्यंत उतरला, त्याच्या मुळाशी शीतयुद्धाची अखेर होती हे खरे. तथापि ही उतरण पडताळणीमुळेच निर्धास्तपणे होऊ शकली.

अज्ञानाचे मोल

माहिती नसली म्हणजे काय होते याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ अवकाशात सोडला आणि अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या बाबतीत आपण मागे पडलो, असा हलकल्लोळ उडाला. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत केनेडी यांनी या कथित पिछेहाटीचे मोठे भांडवल केले. १९६१ मध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांवरून उमगले ते असे, की सोव्हिएत संघाजवळ त्या वेळी आंतरखंडीय क्षेपणास्त्रे जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पिछाडीवर अमेरिका नव्हे, तर तिचा प्रतिस्पर्धी होता. पण भीतीने चालना दिलेला कार्यक्रम सत्य कळले म्हणून थांबला नाही. अमेरिकेने भूमीवरील ‘मिनिटमन’ क्षेपणास्त्रेच एक हजार उभारली. ही विषम स्थिती भरून काढण्याची सोव्हिएत नेत्यांची धडपड हे १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगामागील एक कारण होते. संरक्षणाची योजना आखणारा सेनानी अज्ञात गोष्टीची कल्पना नेहमी वाईटात वाईट करतो. तो त्याचा दोष नव्हे, त्याचे ते कामच आहे. म्हणूनच अज्ञान हे शस्त्रस्पर्धेचे सर्वांत सुपीक खत ठरते.

दुसरा प्रसंग २५ जानेवारी १९९५ चा. नॉर्वेच्या आंदोया बेटावरून शास्त्रज्ञांनी ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक अग्निबाण सोडला. त्याची पूर्वसूचना रशियाला दिलेली होती, पण ती रडारवर पहारा देणाऱ्या सैनिकांपर्यंत पोहोचलीच नव्हती. पाणबुडीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखा तो भासल्यामुळे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांच्या आज्ञेची पेटी उघडली गेली. काही मिनिटांतच तो अग्निबाण रशियाकडे येत नसल्याचे स्पष्ट झाले आणि अनर्थ टळला. शीतयुद्ध संपल्यानंतर, दोन्ही देशांचे संबंध सलोख्याचे असतानाही, एक कागद योग्य टेबलावर न पोहोचल्यामुळे एवढे घडू शकले. संबंध विकोपाला गेले असताना असा कागद निघालाच नाही तर काय होईल, याचा विचार सुज्ञांनी करावा.

साखळी कशी तुटली?

या साखळीच्या विध्वंसाचे पाप एकट्या कोणाच्या माथी मारता येत नाही. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा १९७२ चा करार अमेरिकेने २००२ मध्ये सोडला. रशियाने नियमभंग करून नवे क्षेपणास्त्र तैनात केल्याचा आरोप ठेवून ‘आयएनएफ’ करारातून अमेरिका ऑगस्ट २०१९ मध्ये बाहेर पडली. रशियाने तो आरोप फेटाळला, परंतु करार वाचला नाही. परस्परांच्या प्रदेशावरून निःशस्त्र विमानांनी टेहळणी करू देणाऱ्या ‘ओपन स्काइज’ करारातून अमेरिका २०२० मध्ये आणि रशिया २०२१ मध्ये निघून गेला. ‘न्यू स्टार्ट’ला २०२१ मध्ये पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली खरी, पण त्याचा प्राण त्याआधीच कंठाशी आला होता. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये पुतिन यांनी करारातील सहभाग स्थगित केला, आणि अमेरिकेनेही आपली आकडेवारी देणे बंद केले. सप्टेंबर २०२५ मध्ये संख्यामर्यादा आणखी एक वर्ष पाळण्याचा प्रस्ताव पुतिन यांनी मांडला आणि ट्रम्प यांनी ती कल्पना चांगली असल्याचे म्हटले. परंतु मुदत संपेपर्यंत त्याला कोणत्याही लेखी कराराचे रूप आले नाही. शिवाय त्या प्रस्तावात तपासणीची पुनःस्थापना नव्हतीच. न मोजता पाळलेली मर्यादा ही केवळ शब्दावर ठेवलेली ठेव होय.

आक्षेप आणि उत्तरे

आता उपग्रह एवढे तीक्ष्ण झाले असताना तपासनिसांची गरजच काय, असा एक आक्षेप घेतला जातो. उपग्रहाला भूमिगत प्रक्षेपकाचे झाकण दिसते, धक्क्याला लागलेली पाणबुडी दिसते. पण क्षेपणास्त्राच्या अग्रभागी एक अण्वस्त्र आहे की तीन, हे दिसत नाही. अनेक अण्वस्त्रे वाहणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या या युगात नेमका तोच प्रश्न निर्णायक असतो.

लबाडी करणाऱ्याशी करार करण्यात अर्थ नाही, असा दुसरा आक्षेप आहे. परंतु ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशी अशा करारांची आवश्यकताच नसते. ब्रिटनची क्षेपणास्त्रे मोजावयास अमेरिका जात नाही. शस्त्रनियंत्रण ही अविश्वासातून जन्मलेली आणि अविश्वास गृहीत धरून चालणारी व्यवस्था आहे. संबंध बिघडले म्हणून ती मोडणे म्हणजे ज्वर चढला म्हणून तापमापक फोडण्यासारखे होय.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो चीनविषयीचा आहे. ‘सिप्री’च्या अंदाजाप्रमाणे चीनची अण्वस्त्रे २०२५ मध्ये किमान ६०० होती आणि ती इतर कोणत्याही देशापेक्षा वेगाने वाढत आहेत. दोन प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब एकाच वेळी करावा लागत असताना जुन्या द्विपक्षीय मर्यादेत आपण का अडकावे, असे अमेरिकेतील एक मत आहे. आपला साठा कितीतरी लहान असल्याचे कारण सांगून चीन त्रिपक्षीय वाटाघाटींना नकार देत आला आहे. समान मर्यादा हा तिघांतील वाटाघाटींचा प्रारंभ होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण चाचण्यांची पूर्वसूचना, आणीबाणीतील संपर्क आणि साठ्यांविषयी किमान पारदर्शकता यांना संख्येची समानता लागत नाही.

उपखंडाचा अनुभव

हे अशक्यप्राय वाटत असल्यास भारत व पाकिस्तान यांच्याकडे पाहावे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत राजीव गांधी व बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीस दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलचे युद्ध, संसदेवरील हल्ला, मुंबईवरील हल्ला यांपैकी कशानेही हा क्रम तुटला नाही. मे २०२५ मधील चार दिवसांच्या लष्करी संघर्षानंतरही १ जानेवारी २०२६ रोजी यादीची देवघेव झाली, ती सलग पस्तिसावी होती. त्या संघर्षात १० मे रोजी गोळीबार थांबला तोही दोन्ही बाजूंच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांमधील दूरध्वनीनंतर. जे देश एकमेकांच्या राजधान्यांत उच्चायुक्त ठेवीनासे झाले, त्यांनी हा कागद मात्र टिकविला.

तथापि या व्यवस्थेतील फटही डोळ्यांआड करता कामा नये. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या पंजाबातील मियाँ चन्नू येथे कोसळले. हा अपघात असल्याचे भारताने दोन दिवसांनी जाहीर केले आणि पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, आणि पाकिस्ताननेही संयम पाळला. क्षेपणास्त्र-चाचण्यांच्या पूर्वसूचनेचा २००५ चा करार केवळ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. क्रूझ क्षेपणास्त्रे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. ध्वनीहून वेगवान क्रूझ क्षेपणास्त्रे आणि ड्रोन हीच उपखंडातील संघर्षाची प्रमुख आयुधे झाली असताना ही उणीव दूर करणे हे कोणावरील उपकार नव्हेत, तो निखळ स्वार्थ आहे. चीनशी तर भारताचा पूर्वसूचनेचा असा द्विपक्षीय करारच नाही.

आरंभ कोठून?

‘न्यू स्टार्ट’ची जागा घेणारा परिपूर्ण करार नजीकच्या काळात होईल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेची नियोजित ‘गोल्डन डोम’ क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा, रशियाची अणुइंधनावर चालणारी नवी अस्त्रे आणि चीनचा वाढता साठा हे प्रश्न वाटाघाटींना वर्षानुवर्षे पुरतील. परंतु तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. क्षेपणास्त्र सोडण्यापूर्वी परस्परांना कळविण्याचा १९८८ चा अमेरिका-सोव्हिएत करार रशिया पाळीत राहील, असे मॉस्कोने २०२३ मध्येच सांगितले होते. त्या उरलेल्या धाग्याला सहामाही आकडेवारीची देवघेव जोडता येईल, आणि तीतून कालांतराने तपासनिसांचा मार्ग पुन्हा खुला होऊ शकेल. त्यासाठी मैत्रीची पूर्वअट नको. १९७२ मध्ये, व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असतानाच, निक्सन मॉस्कोला गेले होते.

अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमाने महासत्तांवर निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींचे बंधन घातले त्याला अर्धशतक उलटून गेले. त्या करारात सामील न झालेल्या भारताने १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे अण्वस्त्रांच्या संपूर्ण उच्चाटनाची कालबद्ध योजना मांडली होती. ते ध्येय आज दूर गेले आहे यात संशय नाही. पण उच्चाटन दूर गेले म्हणून मोजदादही सोडून द्यावी, हे तर्कशास्त्र आत्मघातकी होय. तळघरातील दारूगोळा काढता येत नसेल, तर तो किती आहे आणि किल्ली कोणाजवळ आहे, एवढे तरी घरातील माणसांना ठाऊक असले पाहिजे.