रिंगणातला उन्हाळा

जगातलं सगळ्यात मोठं यंत्र कुणा एकाच्या डोक्यात मावत नाही. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहराला लागून, जमिनीखाली सरासरी १०० मीटर खोल एक वर्तुळाकार बोगदा आहे. त्याचा परीघ सुमारे २७ किलोमीटर. त्यातल्या यंत्राचं नाव लार्ज हेड्रॉन कोलायडर. प्रोटॉन त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात आणि एका सेकंदात ११ हजारांहून जास्त फेऱ्या घालत एकमेकांवर आदळतात. त्यांना वळवणारे चुंबक उणे २७१ अंश सेल्सिअसला ठेवलेले असतात, म्हणजे ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशाहूनही थंड. चुंबकांचा जाणकार टक्करींचं गणित सोडवू शकत नाही, गणित सोडवणारा चुंबक थंड ठेवणाऱ्या हेलियमचे पंप दुरुस्त करू शकत नाही, आणि पंपवाल्याला कणांच्या वाटा शोधणाऱ्या संगणक-प्रणालीतलं फारसं कळत नाही. तरीही सर्न नावाच्या त्या प्रयोगशाळेत हे सगळं चालतं. ते कसं, याचं अर्धं उत्तर तिथल्या माणसांच्या वागण्यात आहे, आणि ते वागणं सगळ्यात लख्ख दिसतं तिथे पहिल्यांदाच आलेल्या विद्यार्थ्याला.

दर उन्हाळ्यात असे काहीशे विद्यार्थी तिथे येतात. व्हिक्टर वाइसकॉफ महासंचालक असताना, १९६२ साली, सर्नने उन्हाळी विद्यार्थ्यांची ही योजना सुरू केली. भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, संगणक असे विषय घेऊन पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं ८ ते १३ आठवडे तिथे राहतात. राहण्या-खाण्यासाठी भत्ता मिळतो. सकाळी व्याख्यानं असतात आणि उरलेला दिवस एखाद्या खऱ्या गटात खरं काम. व्याख्यानं होतात त्याच मुख्य सभागृहात ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसारखा नवा कण सापडल्याचं जाहीर झालं होतं. जागा मिळावी म्हणून कित्येक तरुण आदल्या रात्रीपासून दाराशी मुक्काम ठोकून होते, आणि या कणाचं भाकीत करणाऱ्या, आत बसलेल्या पीटर हिग्ज यांना डोळे पुसताना साऱ्या जगाने पाहिलं.

भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे आपल्याकडची मुलंही या योजनेत असतात. लातूरहून पुण्याला आणि पुण्याहून थेट जिनिव्हाला पोचलेली अशी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, पहिला परदेश.

बाहेरचं जग तिला आधी भेटतं. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणाची वेळच कळत नाही. दुकानात शिरल्यावर आधी ‘बाँझूर’ म्हणायचं, मग काय हवं ते मागायचं. नमस्कार न करता थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं मानतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवायची. चौकातल्या कारंज्याचं पाणी बाटलीत भरून निर्धास्त प्यायचं. आणि सर्नचं मुख्य आवार दोन देशांत पसरलेलं असल्यामुळे तिचं हॉस्टेल एका देशात आणि कामाची जागा दुसऱ्या देशात असू शकते. आवारातल्या रस्त्यांना शास्त्रज्ञांची नावं आहेत. शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून वाचलेली नावं इथे वळणावरच्या पाट्यांवर दिसतात.

या सगळ्याची सवय आठवड्याभरात होते. आतल्या जगाची सवय व्हायला जास्त वेळ लागतो, आणि खरं नवल तिथेच आहे.

पहिला धक्का नावांचा. तिला काम नेमून देणारे शास्त्रज्ञ तिच्या वडिलांच्या वयाचे, तीस-तीस वर्षं टक्करी टिपणाऱ्या एकाच डिटेक्टरवर घालवलेले. त्यांना ‘सर’ म्हटलं की ते हसून आपलं पहिलं नाव सांगतात आणि त्याच नावाने हाक मारायला सांगतात. पहिले काही दिवस जीभ वळत नाही. ती नाव घेणंच टाळते आणि ‘एक्सक्यूज मी’वर भागवते. पण दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये हाच प्रकार सगळीकडे दिसतो. लांब टेबलांवर प्राध्यापक, वेल्डिंग करणारे तंत्रज्ञ, पीएचडीची मुलं आणि कधी एखादे नोबेलविजेते शेजारी-शेजारी ताटं घेऊन बसलेले असतात. हवा स्वच्छ असेल तर खिडकीतून माँ ब्लाँ पर्वत दिसतो. आपल्याकडे वारीच्या रिंगणात कलेक्टर असो की शेतमजूर, समोरचा प्रत्येक जण ‘माउली’च असतो, त्या मोकळेपणाचं नातं इथल्या टेबलांशी लागतं.

दुसरा धक्का भाषेचा, पण तो सुखद. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलीला आपल्या इंग्रजीची धास्ती असते. इथे मात्र इंग्रजी ही बहुतेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. इटलीचा माणूस हातवारे करत बोलतो, पोलंडची बाई वाक्यातली उपपदं गाळते, जपानचा विद्यार्थी आधी फळ्यावर आकृती काढतो आणि मग तिच्याकडे बोट दाखवून समजावतो. वाक्य व्याकरणात अडकलं तर कुणी हसत नाही. मुद्दा अडकला तर मात्र लगेच थांबवून विचारतात.

ही रीत नुसत्या चांगुलपणातून आलेली नाही, तिच्यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपची विद्यापीठं उद्ध्वस्त झाली होती आणि हुशार माणसं अमेरिकेला निघून जात होती. एकट्या देशाला मोठं यंत्र परवडणारं नव्हतं. १९५३ साली १२ देशांनी करारावर सह्या केल्या आणि १९५४ मध्ये सर्न अस्तित्वात आलं. त्या बारांत फ्रान्स होता, ब्रिटन होता आणि पश्चिम जर्मनीही होता. जेमतेम नऊ वर्षांपूर्वी एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांची माणसं एका खोलीत बसून काम करणार होती. म्हणून करारातच लिहिलं गेलं की इथे लष्करी गरजांसाठी काम होणार नाही आणि जे सापडेल ते सगळ्यांसाठी खुलं राहील. गुपितंच ठेवायची नसतील, तर प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवायचं कारणही उरत नाही. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना इथेच मांडली. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या संगणकांवर काम करणाऱ्या माणसांना एकमेकांची माहिती मिळावी, ही त्यामागची गरज होती. १९९३ साली सर्नने तो शोध साऱ्या जगाला फुकट देऊन टाकला.

प्रश्न विचारणं तिथे इतकं महत्त्वाचं का, हे कळायला एक जुनी हकिगत उपयोगी पडते.

याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात लेप नावाचं यंत्र होतं. इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण, म्हणजे पॉझिट्रॉन, त्यात समोरासमोर धावत. त्यांची ऊर्जा अत्यंत काटेकोरपणे ठाऊक असणं आवश्यक होतं, पण ती किंचित बदलत असल्याचं दिसत होतं. यंत्रात बिघाड सापडेना. शोधता-शोधता नजर आकाशाकडे गेली. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते हे आपल्याला माहीत असतं. पण तीच ओढ जमिनीचं कवचही अगदी थोडं ताणते. त्या ताणाने २७ किलोमीटरच्या वर्तुळाची लांबी सुमारे १ मिलिमीटरने कमी-जास्त होत होती. एवढ्यानेही कणांची वाट बदलायची आणि त्यांची ऊर्जा सरकायची. तेव्हापासून हिशेबात चंद्र धरला जाऊ लागला. जिनिव्हाच्या तलावातल्या पाण्याच्या वजनाचाही परिणाम सापडला.

तरीही दिवसा एक बारीक गडबड उरत होती. मध्यरात्रीनंतर ती थांबायची आणि पहाटे पुन्हा सुरू व्हायची. चंद्र काही असं घड्याळ पाळत नाही. अखेर गुन्हेगार सापडला: जिनिव्हाहून पॅरिसला जाणारी फ्रान्सची वेगवान टीजीव्ही रेल्वे. इंजिनाला पुरवलेल्या विजेचा थोडा अंश रुळांतून जमिनीत झिरपत होता आणि परतीची वाट शोधताना बोगद्यातल्या धातूच्या नळीतून वाहत होता. तेवढ्याने चुंबकांचं क्षेत्र हलत होतं. रात्री गाड्या बंद असत, म्हणून यंत्रही शांत असे.

आता विचार करा, हा उलगडा कुठल्या विषयाच्या तज्ज्ञाचा? कणभौतिकीच्या पुस्तकात भरती-ओहोटी नसते आणि रेल्वेचं वेळापत्रक तर नसतंच. उत्तर कुठून येईल हे आधी ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येकाचा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो. वीस वर्षांच्या मुलीने ‘पण हे रात्री का होत नाही?’ असं विचारलं, तर तिथल्या वडीलधाऱ्यांना ते उर्मट वाटत नाही. त्यांना तो प्रश्न हवाच असतो. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तिथले मोठमोठे लोक सहज बोलतात, आणि त्याला लगेच जोडतात, ‘पण कुणाला माहीत असेल ते सांगतो.’ आपल्या वर्गांत उत्तर येत नसेल तर मान खाली घालायला शिकलेल्या मुलीला हे वाक्य मोठी सुटका देतं.

तिसरा धक्का याहून खोल आहे: स्वतःवर अविश्वास ठेवायला शिकणं. माणसाला जे दिसावंसं वाटतं ते दिसतं, हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत आहे. म्हणून अनेकदा ते माहितीचा नेमका हवा असलेला भाग स्वतःपासूनच झाकून ठेवतात. आधी पद्धत ठरवायची, ती सगळ्यांसमोर मांडायची, सहकाऱ्यांच्या हरकतींना उत्तरं द्यायची आणि मगच पडदा काढून पाहायचं. शिवाय ॲटलास आणि सीएमएस असे दोन मोठे प्रयोग वेगवेगळ्या रचनेचे डिटेक्टर वापरून एकाच गोष्टीचा स्वतंत्र शोध घेतात. शोध लागला असं म्हणायला अट कडक आहे: तो नुसता योगायोग असण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक इतकी कमी असावी लागते.

ही अट किती मोलाची आहे ते २०१५ च्या डिसेंबरात दिसलं. दोन्ही प्रयोगांना एकाच ठिकाणी एक छोटा उंचवटा दिसला, जणू हिग्जच्या सहापट वजनाचा नवा कण डोकावत होता. जगभरच्या सैद्धांतिक शास्त्रज्ञांनी त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले. प्रयोगवाले मात्र ‘अजून नाही’ म्हणत टक्करी मोजत राहिले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पुरेशी माहिती जमली आणि उंचवटा सपाट झाला. तो केवळ योगायोग होता. त्या उन्हाळ्यात तिथे असलेल्या विद्यार्थ्यांना विज्ञानाचा एक मोठा धडा जिवंत पाहायला मिळाला: हजारो माणसांना मनापासून हवी असलेली गोष्ट खरी नाही, असं त्याच माणसांनी शांतपणे जाहीर केलं.

आणि श्रेय? २०१५ साली या दोन प्रयोगांनी मिळून हिग्जच्या वस्तुमानाचं मोजमाप प्रसिद्ध केलं. शोधनिबंध ३३ पानांचा, लेखक ५,१५४. त्यांतली २४ पानं नुसती नावांची आणि संस्थांची. या प्रयोगांत नावं वर्णक्रमाने लावतात. गटप्रमुख वर आणि विद्यार्थी खाली असा क्रम नसतो. तारा जोडणारा, प्रोग्रॅम तपासणारा, रात्रपाळीला पडद्यांकडे डोळे लावून बसणारा असे सगळे त्यात येतात. एवढ्या मोठ्या कामात कुणाचा वाटा ‘खरा’ हे ठरवायला बसलं तर कामच थांबेल, हा त्यामागचा साधा विचार.

परक्या देशात या मुलीला आपलं माणूसही अनपेक्षित ठिकाणी भेटतं. लेपमधल्या टक्करी मोजण्याच्या पद्धतीबद्दल वाचताना तिला ‘भाभा स्कॅटरिंग’ असे शब्द दिसतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांजवळ आल्यावर कसे विखुरतात याचं गणित मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना, पंचविशीत मांडलं होतं. त्याच गणितावरून लेपमध्ये टक्करींचं प्रमाण मोजत असत. आज बोगद्यातले सुमारे ३५ टन वजनाचे चुंबक ज्या जॅकवर टेकून केसाच्या जाडीइतक्या अचूकपणे जागेवर बसवलेले आहेत, ते हजारो जॅक भारताने पुरवलेले आहेत. सीएमएसच्या डिटेक्टरचा एक भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवला. आणि हॉस्टेलजवळ सुमारे २ मीटर उंचीचा नटराज उभा आहे, २००४ साली भारताने भेट दिलेला. परदेशी विद्यार्थी त्याच्याबद्दल तिला विचारतात, आणि तिच्या लक्षात येतं की आपल्यालाही याबद्दल नीट सांगता येत नाही, वाचायला हवं.

परदेशातल्या इंटर्नशिपबद्दल आपल्याकडे बोलताना व्हिसा, भत्ता, बायोडाटा हेच विषय निघतात. ते गरजेचे आहेत, पण मला त्यातली सगळ्यात मोठी कमाई वेगळी वाटते. एखाद्या संस्कृतीच्या चालीरीती तिच्या कामाशी किती घट्ट बांधलेल्या असतात, हे या वयात स्वतः अनुभवता येतं. सर्नमध्ये पहिल्या नावाने मारलेली हाक, उघड मान्य केलेलं अज्ञान आणि स्वतःच्या निष्कर्षावर घेतलेली शंका या शोभेच्या गोष्टी नाहीत. चुंबकांइतकेच तेही त्या यंत्राचे भाग आहेत. ते काढले तर यंत्र बंद पडेल.

आणि हे भाग विमानाने आणावे लागत नाहीत. कोलायडरची सुधारलेली आवृत्ती २०३० च्या आसपास सुरू करायची योजना आहे. मूळ आराखड्याच्या सुमारे दहापट माहिती त्यातून मिळावी असा उद्देश आहे. ती माहिती वाचणारी माणसं आज शाळेत आहेत, काही नक्कीच आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत आहेत. त्यांच्यापैकी कुणी उद्या वर्गात उभं राहून ‘पण असं का?’ म्हणालं, तर शिक्षकांनी तो प्रश्न फळ्यावर लिहावा, उत्तर येत नसेल तर तसं सांगावं आणि सगळ्या वर्गाने मिळून ते शोधावं. त्या यंत्रापाशी पोचण्याची खरी तयारी याच वर्गात सुरू होते.