आजोबांच्या ट्रंकेत जर्मन पिस्तूल सापडलं तर? ‘वारशाची वस्तू’ म्हणून ठेवण्याआधी हे वाचा

टेंभुर्णी (ता. जाफराबाद) : जुनं माळवद उतरवताना, वाडा पाडताना किंवा वर्षानुवर्षं बंद पडलेली ट्रंक उघडताना कधी कधी फडक्यात गुंडाळलेलं जुनं पिस्तूल हाती लागतं. वर इंग्रजी-जर्मन अक्षरं, नंबर, सालही कोरलेलं. मग घरात एकच चर्चा : आजोबांची आठवण आहे, राहू द्या घरातच. पण कायदा आठवण बघत नाही, परवाना बघतो. आणि अशा पिस्तुलावर ‘९ एमएम’ असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं.

जर्मन पिस्तुलं इकडे कशी?

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी उत्तर आफ्रिका आणि इटलीत जर्मन सैन्याशी लढल्या. इटलीतल्या पराक्रमासाठी यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धात शत्रूचं पिस्तूल आठवण म्हणून ठेवण्याची हौस सगळ्याच देशांच्या सैनिकांना होती. शिवाय परदेशी पिस्तुलं त्या काळी दुकानांतही विकली जात. आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, राजवट बदलली. त्या काळचा एखादा कागद पेटीत निघाला, तरी तो आजचा परवाना ठरत नाही.

तीन नावं लक्षात ठेवा

लुगर : जर्मन सैन्याने १९०८ मध्ये घेतलं, म्हणून त्याला ‘पी-०८’ म्हणतात. मॅगझीनमध्ये ८ गोळ्या. गोळी सुटली की वरचा सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढची गोळी आपोआप नळीत चढते. मात्र प्रत्येक गोळीला चाप पुन्हा ओढावा लागतो. यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात.

माऊझर सी-९६ : १८९६ चं. मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, मॅगझीन चापाच्या पुढे. बहुतेक ७.६३ एमएमचे. काहींच्या मुठीवर लाल रंगात ‘९’ कोरलेला असतो, ते ९ एमएमचे.

वॉल्थर : ‘पीपी’ आणि ‘पीपीके’ ही छोटी पिस्तुलं बहुतेक ७.६५ एमएम, म्हणजे आपल्याकडे ज्याला .३२ बोअर म्हणतात ती. लष्करासाठी बनवलेलं ‘पी-३८’ मात्र ९ एमएम.

९ एमएमने काय फरक पडतो?

लुगरसाठी १९०२ च्या सुमारास बनवलेलं ९ एमएम काडतूस पुढे जगभरच्या सैन्यांनी आणि पोलिसांनी स्वीकारलं. आपल्याकडेही ते सरकारी दलांचं काडतूस आहे. म्हणून ते चालणारं पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’ मध्ये मोडतं. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. .३२ बोअरसाठी मात्र जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो. म्हणजे दोन पिस्तुलं दिसायला सारखी असली, तरी कायद्यात त्यांची वाट वेगळी.

रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक राखायला घेतलेल्या बंदुकीचा परवाना घरात असेल, तर तोही पिस्तुलाला चालत नाही. परवाना त्यावर नोंदलेल्या हत्यारापुरताच असतो, त्यावर हत्याराचा नंबर असतो.

वारसा कसा लागतो?

जमिनीचा फेरफार होतो तसा पिस्तुलाचा आपोआप होत नाही. परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. वय किमान २१ पूर्ण हवं. पोलीस चौकशी होते, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं. परवाना ५ वर्षांचा असतो. जमा केलेलं हत्यार ठरलेल्या मुदतीत सोडवलं किंवा विकलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं.

२०१६ च्या शस्त्र नियमांत जिवंतपणीही सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो वारसाचं नाव सुचवू शकतो. त्यामुळे घरातली म्हातारी माणसं आहेत तोवरच कागद मार्गी लावलेले बरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात. वारशाची धरूनच २.

आजोबांकडेच परवाना नव्हता, तर वारसाहक्काने काहीच मिळत नाही. विनापरवाना पिस्तूल पुढच्या पिढीकडे आलं म्हणून कायदेशीर होत नाही.

‘गंजलंय, चालत नाही’ हे पुरेसं आहे का?

नाही. जुन्या किंवा मोडक्या हत्याराला १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नसेल तरच. नुसता गंज चढलाय किंवा स्प्रिंग तुटलीय, एवढ्याने सूट मिळत नाही. आणि ते दुरुस्त होऊ शकतं की नाही हे घरच्यांनी नाही, तज्ज्ञांनी ठरवायचं असतं.

शिक्षा किती?

विनापरवाना पिस्तूल बाळगल्यास किमान २ ते ५ वर्षं कैद आणि दंड. प्रतिबंधित शस्त्र असेल तर किमान ७ ते १४ वर्षं. वरातीत किंवा कार्यक्रमात हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर परवाना असला तरी २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अभिनेता संजय दत्त यांच्या खटल्यात हेच दिसलं. त्यांच्याकडे परवान्याची हत्यारं होती. तरीही विनापरवाना एके-५६ रायफल आणि ९ एमएम पिस्तूल बाळगल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये त्यांना दोषी ठरवणारा निकाल कायम ठेवला आणि शिक्षा कमी करून ५ वर्षांची केली.

पिस्तूल सापडलं तर काय करावं?

• चाप, बटण, खटका काहीही ओढून बघू नका. मॅगझीन काढलं तरी नळीत एक गोळी राहिलेली असू शकते.
• लेकरांना लांब ठेवा. जुनी काडतुसं ठोकू नका, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका.
• ‘एक गोळी शेतात मारून बघू’ असं करू नका. गोळी किलोमीटरभराहून लांब जाते, आणि जुनी गोळी पिस्तुलातच फुटू शकते.
• फोटो स्टेटसला टाकू नका. तोच पुढे पुरावा होतो.
• हत्यार घेऊन गावभर फिरू नका, ठाण्यातही स्वतः नेऊ नका. आधी टेंभुर्णी पोलीस ठाण्याला किंवा ११२ वर कळवा. सोबत पोलीस पाटील किंवा वकील असलेला बरा.
• जमा करताना हत्याराचा नंबर लिहिलेली पोहोच घ्या. जुना परवाना, मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद जपून ठेवा.
• विकत घ्यायला कुणी आलं तर थेट नाही म्हणा. परवान्याशिवायची विक्री हा वेगळा गुन्हा आहे.

नेमबाजीची हौस असेल तर

त्यासाठी जुनं पिस्तूल लागत नाही. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात ४.५ एमएमचा छर्रा वापरतात. २५ मीटर प्रकारात .२२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल असतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी त्याच प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. वॉल्थर कंपनी आजही जर्मनीत नेमबाजीची पिस्तुलं बनवते. पोरा-पोरींना शिकवायचं असेल तर मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवा.

आजोबांची आठवण जपायचीच असेल, तर त्यांचं पलटणीचं पुस्तक, पदक, फोटो जपा. त्याला परवाना लागत नाही.