कंडरेतला रक्तप्रवाह आणि डॉप्लरची साक्ष

निरोगी कंडरेतही रक्त वाहते, पण ते इतक्या मंद गतीने आणि इतक्या बारीक वाहिन्यांतून, की नेहमीच्या डॉप्लर सोनोग्राफीत सहसा काहीच दिसत नाही. स्नायू हाडाला बांधून ठेवणारा हा चिवट पट्टा मुख्यतः कोलॅजनच्या तंतूंचा असतो. अतिवापराने तो दुखावला, मग ती धावपटूची टाच असो, व्हॉलीबॉलपटूचा गुडघा असो की टेनिस एल्बो, की तो जाड होतो, सोनोग्राफीत जागोजागी काळसर दिसतो आणि त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. टाचेमागच्या अकिलीस कंडरेत त्या बहुधा पुढच्या बाजूच्या चरबीतून येतात. स्वीडनमधील लार्स ओबेर्ग, हाकान अल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले, की दुखऱ्या अकिलीस कंडरांत हा प्रवाह दिसतो, निरोगी कंडरांत दिसत नाही. पुढे याच वाहिन्यांना लक्ष्य करून इंजेक्शने देण्याचे उपचारही सुरू झाले. म्हणजे पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यांवर सुई कुठे टोचायची हे ठरू लागले. साहजिकच, ते ठिपके कितपत भरवशाचे, हे तपासणे भाग पडले.

डॉप्लर सोनोग्राफीमागचे तत्त्व क्रिस्टियान डॉप्लर याने 1842 मध्ये प्रागमध्ये मांडले. त्याच्या डोळ्यांपुढे तारे होते, रुग्णांच्या टाचा त्याच्या स्वप्नातही नसाव्यात. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते, आणि त्या फरकावरून यंत्र रक्ताची हालचाल ओळखते. लहरींच्या दिशेला काटकोनात वाहणारे रक्त मात्र वेग रंगात दाखवणाऱ्या कलर डॉप्लरच्या नजरेतून निसटते. पॉवर डॉप्लर वेगाऐवजी परतलेल्या संदेशाची ताकद मोजतो, त्यामुळे त्याला कोनाची अडचण कमी आणि मंद प्रवाह पकडणे सोपे. पण प्रवाहाची दिशा तो सांगत नाही, आणि रुग्णाचा पाय जरा थरथरला तरी पडदा रंगाने भरून टाकतो. काही यंत्रांवर कलर डॉप्लरही तितकाच चांगला चालतो, तेव्हा नुसत्या नावावर जाण्यात अर्थ नाही.

खरी गोम तपासणाऱ्याच्या हातात आहे. रुग्ण पालथा झोपलेला, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर सैल सोडलेले. त्वचेवर जेलचा जाड थर आणि त्यावर जेमतेम टेकलेला प्रोब. पडद्यावर कंडरेत चार-पाच लाल ठिपके नाडीबरोबर लुकलुकतात. आता पाऊल वर वळवून कंडरा ताणली, की ठिपके एकेक करून विझतात. पाऊल सैल केले, ते परत येतात. प्रोब थोडा दाबला, पुन्हा गायब. तेच यंत्र, तीच कंडरा, तोच रुग्ण, आणि अहवाल मात्र ‘प्रवाह आहे’ आणि ‘प्रवाह नाही’ असे दोन्ही निघू शकतात. गुडघ्याच्या कंडरेचेही असेच : गुडघा वाकवला की प्रवाह दबतो, सरळ ठेवला की दिसतो. उलट, रुग्ण नुकताच धावून आला असेल, तर प्रवाह वाढलेला दिसतो. काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या कंडरांतही व्यायामानंतर रंग दिसल्याच्या नोंदी आहेत.

यंत्राच्या बटणांचाही यात वाटा असतो. वेगाची पट्टी वरची ठेवली किंवा फिल्टर कडक लावला, तर मंद प्रवाह गाळला जातो. गेन (म्हणजे परतलेला संदेश किती वाढवायचा ते प्रमाण) जास्त ठेवला, तर नुसत्या खरखरीलाही रंग चढतो. म्हणून गेन आधी खरखर दिसेपर्यंत वाढवायचा आणि मग ती जेमतेम नाहीशी होईपर्यंत कमी करायचा, अशी रीत आहे.

विश्वासार्हता मोजताना एक भेद नेहमी लक्षात ठेवावा लागतो. साठवलेली तीच चित्रफीत दोन तज्ज्ञांनी पाहून गुण देणे वेगळे, आणि दोघांनी स्वतंत्रपणे प्रोब हाती घेऊन तपासणे वेगळे. पहिल्या प्रकारात हाताच्या दाबाचा आणि पावलाच्या स्थितीचा फरक उरतच नाही, त्यामुळे तिथले एकमत दुसऱ्या प्रकाराला लागू करता येत नाही. ओबेर्ग यांच्या नावाने वापरली जाणारी पट्टी वाहिन्यांच्या संख्येनुसार 0 ते 4 गुण देते. शून्य आणि चार यांत कुणाचा घोळ होत नाही, वाद असतो तो एक की दोन, याचा. एखादी नागमोडी वाहिनी चित्राच्या पातळीत तीनदा आली, तर ती एक मोजायची की तीन? ठरावीक चौकोनातले रंगीत बिंदू संगणकाने मोजले, तर हा वाद मिटतो, पण तो चौकोन कुठे आखायचा हे पुन्हा माणसालाच ठरवावे लागते.

शिवाय, प्रवाह आणि वेदना यांची सांगड सैलच आहे. प्रवाह दिसूनही न दुखणाऱ्या कंडरा असतात आणि दुखूनही प्रवाह न दाखवणाऱ्याही. तेव्हा पहिल्या तपासणीत ‘रक्तप्रवाह वाढलेला’ आणि दुसरीत ‘सामान्य’ असा शेरा आला, तर आजार बरा झाला असे लगेच धरू नये. फेरतपासणी शक्यतो त्याच यंत्रावर, विश्रांतीनंतर आणि पाय त्याच स्थितीत ठेवून करून घ्यावी, आणि ही स्थिती अहवालात नोंदवायला रेडिओलॉजिस्टना जरूर सांगावे.