सिलिंडरातील वायूचा हिशेब : दाब कोणता धरावा?

बॉइलचा नियम १६६२ साली प्रसिद्ध झाला. तपमान स्थिर असता वायूचा दाब व आकारमान यांचा गुणाकार स्थिर राहतो, इतकेच तो सांगतो. तथापि सिलिंडरासंबंधीची उदाहरणे सोडविताना पदव्युत्तर विद्यार्थीही अडखळतात. अडचण नियमात नसते. समीकरणात कोणता दाब घालावयाचा आणि कोणत्या वायूचे आकारमान मोजावयाचे, यात ती असते.

रुग्णालयातील प्राणवायूच्या मोठ्या सिलिंडरात ४६.७ लिटर पाणी मावते. दाबमापक दर चौरस सेंटिमीटरास १५० किलोग्रॅम दाब दाखवीत असून रुग्णास मिनिटाला १० लिटर प्राणवायू द्यावयाचा आहे, असे समजावे. तो किती वेळ पुरेल? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत भारतातील अनेक रुग्णालयांना हाच हिशेब वारंवार करावा लागला, आणि तेव्हा उत्तरातील अर्ध्या तासालाही मोल होते.

दाबमापक वातावरणाच्या दाबाहून जेवढा अधिक दाब असेल तेवढाच दाखवितो. वातावरणाचा दाब १.०३३ धरला तर निरपेक्ष दाब १५१.०३३ होतो. तपमान न बदलता हा वायू वातावरणाच्या दाबाखाली आणल्यास त्याचे आकारमान १५१.०३३ × ४६.७ ÷ १.०३३, म्हणजे सुमारे ६,८२८ लिटर भरेल. परंतु आतला व बाहेरचा दाब समान झाला की प्रवाह थांबतो, आणि ४६.७ लिटर वायू सिलिंडरातच राहतो. हाती येतात ते ६,७८१ लिटर; ते ११ तास १८ मिनिटे पुरतील.

गंमत अशी की, दाबमापकावरील १५० हाच आकडा धरून व उरलेला वायू वजा करावयास विसरूनही उत्तर ६,७८१ च येते! दोन चुका येथे परस्परांस तंतोतंत छेद देतात. समान तपमानाचे दोन सिलिंडर जोडून दाब समान होऊ दिला, तरी असेच घडते. या सिलिंडरास १० लिटरचा रिकामा सिलिंडर जोडल्यास दाबमापक १५० × ४६.७ ÷ ५६.७, म्हणजे १२३.५ दाखवील, दुसऱ्या रिकाम्या सिलिंडरानंतर १०१.८. एकही लहान सिलिंडर पूर्ण भरत नाही, हे ध्यानात घ्यावे.

मात्र तपमान बदलले की ही सवलत संपते. मोटारीच्या चाकात दाबमापकाप्रमाणे २ दाब असून तपमान २७° वरून ४७° सें. वर गेले, तर निरपेक्ष दाब ३.०३३ चा ३.२३५ होतो, म्हणजे वाढ ०.२० ची. दाबमापकाचाच आकडा ३२०/३०० ने गुणिल्यास वाढ अवघी ०.१३ दिसते.

आदर्श वायूचे गृहीतही तपासले पाहिजे. सामान्य तपमानास व १५० दाबास प्राणवायूच्या बाबतीत दाब व आकारमान यांचा गुणाकार आदर्श मूल्याच्या सुमारे ०.९५ पट असतो. म्हणून सिलिंडरात हिशेबापेक्षा जवळजवळ पाच टक्के अधिक वायू असतो, आणि वरील उत्तरात सुमारे ३५ मिनिटांची भर पडते. रुग्णाच्या दृष्टीने ही चूक निर्धोक बाजूची आहे. हायड्रोजनचे याच्या उलट आहे; तेथे हिशेब दाखवितो त्याहून वायू कमीच निघतो.

भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडला मात्र बॉइलचा नियम लावणे हा केवळ भ्रम होय. त्याचे क्रांतिक तपमान ३६.४° सें. असल्याने साधारण हवेत तो सिलिंडरात द्रवरूपाने असतो, आणि द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर दाब बाष्पदाबाइतकाच, २०° सें. ला सुमारे ५० वातावरणे, राहतो. (वायू झपाट्याने काढल्यास द्रव थंडावतो व काटा थोडा उतरतो, एवढेच.) द्रव संपला की मात्र दाब भराभर घसरू लागतो, आणि त्या वेळी सिलिंडरातील बहुतांश साठा संपलेला असतो. विदर्भातील उन्हाळ्यात पारा क्रांतिक तपमानाच्या वर गेला म्हणजे आत द्रवच उरत नाही. पण तेव्हाही इतक्या दाट वायूस आदर्श नियम लागू पडत नाही. अशा सिलिंडरातील साठा तराजूवरच कळतो. घरगुती गॅसचा सिलिंडरही १४.२ किलोग्रॅम अशा वजनानेच विकला जातो, आणि रिकाम्या सिलिंडराचे वजन त्यावर नोंदविलेले असते.